सातव्या रकान्यातलं नाव

अमीनाबी : परत आला म्हंजे? कोनी परत धाडला?

सेवालाल : मुंबईच्या व्हिसाच्या हपिसानं, भाभी. चार महिने अर्ज ठेवून घेतला अन टाचणी लावून वापस केला.

गुलाम नबी : फोटोबी वापस आले का? आले असन तं लय बरं झालं. त्या फोटोत मी कोंबडीचोर दिसतो.

(रिसोडच्या बाजारातलं गुलाम नबी मणियाराचं बांगड्यांचं दुकान. साल एकोणीसशे पंचावन्न, पोळ्यानंतरचा पहिला शनिवार. सेवालाल मास्तर केनवडच्या शाळेत शिकवतात. इंग्रजी वाचता येतं म्हणून अर्ध्या पेठेचे सरकारी कागद त्यांच्याच हातून लिहिले जातात आणि त्यांच्याच पत्त्यावर परत येतात. सकाळची शाळा सोडून ते सायकलवरून तडक इथं आले होते. गुलाम नबीची बायको अमीनाबी हिरव्या बांगड्या दोरीत ओवत बसली होती. मास्तरांच्या हातातलं जाड पाकीट दिसलं आणि तिची दोरी तिथंच थांबली. सात वर्षं झाली, तिची बहीण मेहरबी आणि अम्मी कराचीला होत्या. अम्मीचे डोळे आता गेले होते. दिवाळीच्या सुटीत पोराला घेऊन तिकडं जायचं, एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर बाईनं सारा उन्हाळा आणि पावसाळा काढला होता.)

सेवालाल : घाबरू नका. पयले बरोबर काय हाये ते सांगतो. पासपोर्ट बरोबर. फोटोबी बरोबर.

गुलाम नबी : त्या फोटोले बरोबर म्हनते सरकार? अकोल्याच्या फोटोवाल्यानं मले म्हनलं, श्वास रोका. म्या रोकला. अन तो बावा जो काया कपड्यात घुसला तो बाहीर येईच ना! माये डोये पार बटाट्यावानी झाले.

अमीनाबी : तुमचे डोये तसेच हायेत. मास्तर, तुमी पुढं वाचा.

सेवालाल : रकाना तीन, कुठं जायचं, तं कराची. रकाना चार, किती दिवस, तं एकवीस. पाच, कायले जायचं, तं सुटीत सहकुटुंब सहल.

अमीनाबी : सहल? अम्मीले भेटाले जानं म्हंजे सहल?

सेवालाल : त्या रकान्यात मोजक्याच गोष्टी होत्या, भाभी. धंदा, दवाखाना, भेट अन सहल. भेट अन सहल एकाच ओळीत होतं, म्हनून म्या पूर्ण ओळ उतरवली.

गुलाम नबी : अन आपल्या मेहबूबले तं सहलच हाये. आगबोट पाह्यची, समुद्र पाह्यचा. दिवाळीचा माल विकला का लगीनसराईपर्यंत दुकानात माशी फिरत नाही, तेवढेच दिवस मले मोकळे. पोट्टा तं साऱ्या गल्लीत सांगून राह्यला का आमी परदेशाले जातो.

अमीनाबी : परदेश! मेहरबी अम्मीले घेऊन गेली तेवा वाशीमच्या ठेसनावर नुसतं तिकीट काढलं अन गाडीत बसली. तिच्या मालकाचे भाऊ तिकडं, म्हनून जाऊन पाह्यतो म्हने, नाही करमलं तं होईच्या सनाच्या आत वापस. म्या गाडीत बसवताना तिच्या हातात भुईमुगाच्या शेंगा देल्या, वाटेत खाशीन म्हनून. बहीन परदेशाले चालली असं मले कोनी सांगतलं असतं, तं मी का शेंगा देल्या असत्या?

गुलाम नबी : त्या शेंगा तू सात वर्सं झाली सोलून राह्यली.

अमीनाबी : तुमी गप राहा. मास्तर, अडलं कुठं ते सांगा.

सेवालाल : सातव्या रकान्यात. सहावा रकाना नातं, तिथं आपन लिवलं बहीण. सातवा रकाना बापाचं नाव. त्याच्या खाली लाल रेघ मारली हाये.

अमीनाबी : लाल?

सेवालाल : लाल. अन बाजूले लिवलं हाये, तुमी तुमच्या बापाचं नाव शेख करीम सांगतलं. कराचीवाल्या बहिणीनं हमीपत्र देलं, त्यात तिनं बापाचं नाव शेख चांद लिवलं. बहिणी असान तं बाप एक पायजे. खुलासा करा.

अमीनाबी : तिनं काय लिवलं?

सेवालाल : शेख चांद. हे पाहा, तिच्या हमीपत्राची नक्कल सोबत टाचली हाये. आता मले सांगा, बापाचं नाव कोनी चुकते? पह्यलीतलं पोरगंबी चुकत नाही. तिकडं जाऊन तुमची बहीण बापाचं नाव भुलली काय?

गुलाम नबी : या अल्ला!

सेवालाल : काय झालं? असे काहून पाहून राह्यले एकमेकांकडं?

गुलाम नबी : मास्तर, तुमी टोपी काढा. पानी प्या. पयले पानी प्या, मंग आमच्यावर तापा.

सेवालाल : मी कायले तापू?

अमीनाबी : मी सांगतो. मेहरबी नाही चुकली. म्या खोटं सांगतलं तुमाले. शेख करीम मेहरबीचे अब्बा. माये नाहीत.

सेवालाल : अन मंग शेख चांद?

अमीनाबी : माया बाप.

सेवालाल : थांबा, थांबा. म्हंजे तुमी तिच्या बापाचं नाव लिवलं, अन तिनं तुमच्या बापाचं? मंग तुमी बहिणी कश्या?

अमीनाबी : दूधबहिणी. मी सहा दिवसांची अन माय मेली. माया बाप टट्टूवर बांगड्या लादून गावोगाव फिरे. इकडं केनवड, तिकडं हिंगोली, सेनगाव, पार निजामाच्या मुलखात. त्या टट्टूवर मले कुठं बसवन तो? अम्मी शेजारीन. तिच्या मांडीवर तीन महिन्यांची मेहरबी. अब्बानं मले नेऊन तिच्या दुसऱ्या मांडीवर ठेवलं अन दारात रडत बसला. अम्मी म्हने, चांदभाई, तुमी धंदा पाहा, ही आता माही. तवापासून मी तिची.

गुलाम नबी : आमच्यात हे नातं पक्कं असते, मास्तर. एका दुधाचे भाऊबहीन म्हंजे भाऊबहीन, त्याइचं आपसात लगीन लागत नाही. साऱ्या रिसोडाले ठाव हाये. तुमाले नसन, तुमी केनवडचे.

सेवालाल : मले ठाव नसते म्हनून मले खोटं सांगाचं? नबीभाई, तुमी तं बाजूले बसून होते! ह्याच पेटीवर कागद ठेवून म्या लिवला. माह्या अक्षरात लिवला. खाली लिवणाऱ्याची सही माही हाये! पोराइनं नकला केल्या तं मी ओणवं उभं करतो, अन माह्या हातानं सरकारले खोटं गेलं?

गुलाम नबी : म्हनलं होतं नं, पानी प्या.

सेवालाल : मजाक करू नका!

अमीनाबी : मास्तर, त्याइचा दोष नाही. खोटं मी बोलली. अन सोपं नोतं ते. आमच्या धरमात दुसऱ्याले बाप म्हनून लिवनं मोठा गुनाह. तो फारम गेल्यापासून नमाजाले बसलं का पयले तेच डोक्यात येते. अब्बा येते, टट्टूची लगाम धरून उभा राह्यते, अन काही बोलत नाही.

सेवालाल : मंग केला कायले?

गुलाम नबी : ते माह्यामुळं. वाशीमच्या मोटारअड्ड्यावर एक अत्तरवाला भेटला. तो म्हने, व्हिसा फकस्त सख्ख्याले भेटते. चुलत, मावस, मानलेलं, दुधाचं, काही चालत नाही. त्याच्या साडूले म्हने तसंच हाकललं. म्या घरी येऊन हिले सांगतलं, अन ही रातभर भिंतीकडं तोंड करून झोपली.

सेवालाल : अत्तरवाला! अन ह्या फारमासोबत नियमाचा कागद आला होता, तो कुठं हाये?

गुलाम नबी : हाये की. त्या लाखेच्या बांगड्या त्याच्यातच गुंडाळल्या.

सेवालाल : काढा. काढा म्हन्तो मी! हं. पोचल्यावर पोलीस ठाण्यात नाव लिवून द्या... ज्या शहराचं नाव देलं त्याच्याबाहीर जाऊ नका... सोनं... नियम नऊ. ऐका. ‘ज्याच्याकडं उतरणार तो नातेवाईक किंवा ओळखीचा मनुष्य असावा.’ ओळखीचा! ह्याच्यात सख्खं कुठं हाये, दाखवा.

गुलाम नबी : नाही?

सेवालाल : नाही! कुठंच नाही. दूधबहीण लिवलं असतं तं चाललं असतं. शेजारीन लिवलं असतं तरी चाललं असतं. फकस्त दोन्हीकडचं लिवलेलं जुळाले पायजे, बस.

गुलाम नबी : त्या अत्तरवाल्याच्या दाढीले आग लागो.

अमीनाबी : म्हंजे म्या उगाच पुसलं अब्बाले.

सेवालाल : भाभी, आता रडू नका.

अमीनाबी : मी त्याच्यासाठी नाही रडत. मेहरबीले कोनी सांगतलं असन, मास्तर? तिले कराचीत कोन अत्तरवाला भेटला असन?

गुलाम नबी : भेटला असन एखादा. अत्तरवाले साऱ्या दुनियेत असतेत.

अमीनाबी : तिनंबी तसंच केलं नं. तिले वाटलं, अमीना काही आपल्या बापाचं नाव सोडनार नाही, तं मीच सोडतो. मले वाटलं, मेहरबी नाही सोडनार, तं मी सोडतो. लहानपनी गुळाचा खडा असाच हातात वितयून जाये. ती म्हने तू खाय, मी म्हनो तू खाय.

गुलाम नबी : आता मुंबईवाल्याइच्या हातात वितयला तो गूळ.

अमीनाबी : माया बाप सात वर्सांची मले ठेवून मेला. सेनगावच्या वाटंवर हैजा झाला त्याले. गाववाल्याइनं तिथंच पुरलं, टट्टू कोनी नेलं ते कयलं नाही. कबर कुठं हाये ठाव नाही. त्याचं नाव कोनी घेत नोतं. एकदाच घेतलं, माह्या निकाहात काजीसाहेबानं. अमीना, शेख चांदची लेक. तेवा मेहरबी माह्या बाजूले बसली होती, माहा हात धरून. ती भुलली नाही. मी लेक असून भुलली, अन तिनं तिकडं कराचीच्या कागदावर त्याचं नाव लिवलं.



गुलाम नबी : मास्तर, तुमीबी? चष्मा पुसा. कागद वला होईन.

सेवालाल : मले ह्या अम्मी आठोतात. आमच्या तांड्यावर येत जाये, टोपली घेऊन. माही याडी, माही माय सोनीबाई, कोनाले हात लावू देत नोती, पन ह्याइच्याकडं हात देऊन डोये मिटून बसे. हात ढिला सोड बाई, असं म्हनत म्हनत बांगडी कवा चढे, कयत नोतं. माप तं कधी घेतलंच नाही त्याइनं.

अमीनाबी : अम्मीले माप लागत नाही. एकदा धरलेला हात तिच्या ध्यानात राह्यते. मागच्या महिन्याच्या खतात मेहरबीनं लिवलं, अम्मी आता शेजारपाजारच्या बाया आल्या का त्याइचं मनगट धरते, दाबून पाह्यते, अन सोडून देते. म्हनते, हा अमीनाचा नाही.

गुलाम नबी : ते खत ऐकल्यापासून हिनं हातातली बांगडी बदलली नाही. म्हने, हे माप हाये, मनगटाले मांस चढलं तं अम्मी ओयखनार नाही.

अमीनाबी : पुरं झालं तुमचं. मास्तर, आता काय करावं ते सांगा.

सेवालाल : दोन रस्ते हायेत. एक सरळ रस्ता. तुमी खरं लिवा, तिनं खरं लिवावं. तिचा बाप करीम, तुमचा बाप चांद, नातं दूधबहीण. पन तिकडून नवीन हमीपत्र यावं लागन, शिक्क्याचं. त्याले चार महिने धरा. दिवाळी गेली, सुटी गेली.

अमीनाबी : अन अम्मी?

सेवालाल : ते मी काय सांगू?

गुलाम नबी : दुसरा सांगा. वाकडा.

सेवालाल : वाकडा नाही म्हनत मी. नवा फारम मी भरून देतो, तुमच्या बापाचं खरं नाव टाकून. शेख चांद. पयल्या वेळेस ऐकन्यात चूक झाली, असा खुलासा जोडतो... नाही, असं नाही लिवत मी. अर्जदारानं नाव चुकीचं सांगतलं, ते आता बरोबर केलं, असं लिवतो. हे खरं हाये नं?

अमीनाबी : सोळा आने खरं.

सेवालाल : अन तिच्या हमीपत्रात शेख चांद हायेच. दोन्ही जुळले. पंधरा-वीस दिवसांत कागद हाती येईन.

गुलाम नबी : वा रे मास्तर! म्हंजे आपला फारम आता सारा खरा. खोटं राह्यलं ते कराचीत.

सेवालाल : तेच मले टोचते. त्या बाईचं खोटं ठाव असून मी माहा कागद त्याले जुळवतो.

अमीनाबी : मास्तर, तुमी शिकलेले. मले एक सांगा. अब्बा हिंगोलीहून यायचा तेवा लाखेच्या दोन जोड्या आनायचा. एक माही, एक तिची. रंग एक, नक्षी एक. ती त्याले चांदअब्बा म्हने. त्यानं कधी दोघीत फरक केला नाही, तं तुमी कायले करता? माह्या बापाले मेल्यावर एक लेक जास्त भेटली, त्याच्यात कोनाचं काय गेलं?

सेवालाल : सरकारले असं सांगता येत नाही, भाभी.

अमीनाबी : सरकारले नका सांगू. तुमाले विचारून राह्यली मी.

सेवालाल : मले पटते.

गुलाम नबी : पटलं! लिवा तं मंग. मी शाईची दौत आनतो.

सेवालाल : थांबा, नबीभाई. एक गोष्ट राह्यली. अशीच लाल रेघ कराचीलेबी गेली असन. मेहरबीबाईंले कयलं असन का तुमी करीम लिवलं. त्या आता काय करतीन?

अमीनाबी : हाय अल्ला. ती घाईनं करीम करन.

गुलाम नबी : करनच! म्हंजे तिकडं करीम, इकडं चांद. पुना रेघ! मंग तुमी करीम करा, ती चांद करन. अशानं मेहबूबच्या पोराइले व्हिसा भेटन. कोनीतरी एक बहीन खोटं बोलनं थांबवा रे!

अमीनाबी : खत टाकलं तं कवा पोचन?

सेवालाल : तीन आठवडे.

अमीनाबी : तं तार करा. आत्ताच. तारघर बंद व्हाच्या आधी. तिले सांगा, काहीच करू नको, जे लिवलं ते राहू दे.

गुलाम नबी : तिच्या अब्बाले काय वाटन पन? करीमचाचा गेले तरी त्याइची लेक ती एकटीच.

अमीनाबी : करीमअब्बा? ते कबरीत हसत असतीन. जिता असताना घरी पाव्हना आला का म्हनत, ह्या दोन माह्या पोरी. पाव्हना म्हने, एक तं चांदची ना? तं म्हनत, असन, मी हिशेब ठेवत नाही.

सेवालाल : बरं. सांगा मजकूर. थोडक्यात सांगा, तार हाये, खत नाही. सात वर्सांचं त्याच्यात भरू नका.

अमीनाबी : लिवा. मेहरबी, अब्बाचं नाव बदलू नको. अम्मीले सांग, मी येतो. अमीना.

सेवालाल : अब्बाचं नाव बदलू नको. हं. पन कोनाच्या अब्बाचं? करीमचं का चांदचं? तिनं वाचून उलटा अर्थ काढला तं पुन्हा घोटाळा. तुह्या अब्बाचं का माह्या, ते साफ पायजे. काय लिवू?

अमीनाबी : शेख चांद लिवा. अन त्याच्या पुढं...

सेवालाल : त्याच्या पुढं काय? तुह्या का माह्या?

अमीनाबी : आपल्या. आपल्या अब्बाचं, असं लिवा.